लाल आकडा वाचायचा नाही

जिन्याखालच्या कपाटात, इस्त्रीच्या टेबलामागे आणि ओल्या छत्र्यांच्या वासात राहणारा मी एक जुना विजेचा मीटर आहे. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या या चढावरच्या घरात मला छत्तीस वर्षे झाली. माझ्या काचेआड एक चकती फिरते आणि तिच्या वर सहा आकडे आहेत. पाच काळे, शेवटचा लाल; तो फक्त युनिटचा दहावा भाग मोजतो. मित्रांनो, हा लाल आकडा ध्यानात ठेवा, कारण त्यानेच मला घोर लावला.

घराचे मालक क्लिफर्ड बसच्या आगारात मेकॅनिक होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गुडघे टेकून माझा आकडा वाचत आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहीत. "गडी नव्याण्णव हजारांवर आलाय," ते बायकोला, विनिफ्रेडबाईंना, ओरडून सांगत. "पुन्हा शून्यावर आला की केक आणायचा बरं का, विनी." असे कौतुक किती मीटरांच्या वाट्याला येते? पण जानेवारीत क्लिफर्ड गेले, आणि फेब्रुवारीत मी एकटाच शून्यावर आलो. केक कोणी आणला नाही. कपाट उघडायलाच कोणी आले नाही.

बिलांचे सारे क्लिफर्ड पाहत. विनिफ्रेडबाईंना एवढेच माहीत होते, की डायरेक्ट डेबिट नावाच्या व्यवस्थेने वीज कंपनी दर महिन्याला बँकेतून आपोआप पैसे घेते. कंपनीने दर वाढवले तेव्हा शेजारच्या ऑलिव्हबाईंनी त्यांना दुसरी कंपनी घ्यायला लावले. नव्या कंपनीच्या मुलीने फोनवर बजावले, "जुन्या कंपनीचं शेवटचं बिल फिटेपर्यंत त्यांचं डेबिट बंद करू नका हं. आणि आजचा मीटरचा आकडा सांगा."

बाई टॉर्च घेऊन आल्या. मी दाखवत होतो ००७३१, आणि पुढे लाल ४. बाई थबकल्या. छत्तीस वर्षांत फक्त सातशे एकतीस? त्यांनी मनाशी हिशेब केला आणि लाल चारही जोडून टाकला. "सात हजार तीनशे चौदा," त्या फोनमध्ये म्हणाल्या. मला ओरडावेसे वाटले. पण मीटरला कसला आवाज? माझी चकती आपली फिरत राहिली.

नव्या कंपनीने तोच आकडा जुन्या कंपनीला कळवला, आणि तीन तारखेला जुन्या कंपनीचे पत्र आले. शेवटचे बिल अठराशे चाळीस पौंड, चौदा तारखेला बँकेतून वजा होणार. बँकेत त्याहून थोडेच जास्त होते. त्यातले सोळाशे क्लिफर्डच्या बाकासाठी होते. ज्या हिरवळीवर ते तीस वर्षे बोल्स, म्हणजे गवतावर चेंडू घरंगळवण्याचा खेळ, खेळले, तिथे त्यांच्या नावाचा बाक बसणार होता. बोल्सच्या क्लबला पैसे पंधरा तारखेपर्यंत हवे होते, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुटुंबाला जाणार होती.

बाईंना चूक कळली नाही. त्यांना वाटले, दुःखात आपणच हीटर बेसुमार जाळला. त्यांनी तो बंद केला. मग दिवेही. माझी चकती इतकी मंदावली, की मला बाईंच्या जिवाची भीती वाटू लागली. वीज कमी जळली की मीटरला बरे वाटते असे तुम्हाला वाटत असेल, तर ते खोटे आहे.

अकरा तारखेला ऑलिव्हबाई आल्या. त्या पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या, त्यामुळे त्यांचा आवाज भिंतीपलीकडूनही ऐकू येई.

"अगं, घरात कोट? गाडीची वाट बघतेयस की काय?"

मग बाईंनी सगळे सांगून टाकले.

"बँकेला सांग आणि ते डेबिट रद्द कर," ऑलिव्हबाई म्हणाल्या.

"नको गं. क्लिफर्डनं जन्मात एक बिल बुडवलं नाही. वीज वापरलीय तर पैसे भरायला हवेत."

"एकटा जीव तू, एवढी वीज वापरलीस कशात? टॉर्च आण."

ऑलिव्हबाई कपाटात शिरल्या आणि बाहेरच्या उजेडाने माझी काच चमकू नये म्हणून त्यांनी आत उघडणारे दार आपल्यामागे लोटून घेतले. एरवी ते कपाटातल्या भिंतीला टेकलेले असे आणि लिहिलेली बाजू झाकलेली राही. आतल्या बाजूचा पेन्सिलीचा तो लांब रकाना उजळला. सगळ्यात वर क्लिफर्डच्या ठळक अक्षरात एक ओळ होती : लाल आकडा वाचायचा नाही.

"विनी," ऑलिव्हबाई हळू म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येते हे मला तेव्हाच कळले. "इकडे ये. तुझा नवरा काहीतरी सांगतोय."

बाईंनी बोट ठेवून ती ओळ वाचली आणि त्या तिथेच छत्र्यांमध्ये बसून रडल्या.

ऑलिव्हबाईंनी माझा फोटो काढून जुन्या कंपनीला पाठवला, बँकेलाही कळवले. बँकेतला माणूस म्हणाला, चुकून पैसे गेलेच तर परत मिळतील. पण कधी मिळतील, या काळजीने ते दोन दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. तेरा तारखेला कंपनीचा फोन आला. बिल रद्द झाले होते, बाकाचे पैसे वाचले होते. उलट कंपनीच बाईंचे सत्तर पौंड देणे लागत होती.

मित्रांनो, उद्या सकाळी मला काढून नवा मीटर बसवणार आहेत. तो आपला आकडा आपणच कळवतो म्हणे. तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारत जा, बिल जास्त आले म्हणून तुम्ही थंडीत तर बसत नाही ना? आमच्याकडे नीट पाहा, आणि मगच हीटरकडे हात न्या.

आज संध्याकाळी बाई गुडघे टेकून माझ्यासमोर बसल्या. काळे आकडे त्यांनी दोनदा वाचले आणि क्लिफर्डच्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिले. मग बशीतला केकचा तुकडा माझ्याखालच्या फळीवर ठेवला आणि बाहेर जाऊन हीटर लावला. माझी चकती भराभर फिरू लागली.