नावे बदलली आहेत

पहार काचेवर बसली तेव्हा राजश्रीबाई आपल्या विद्यार्थिनीला, नम्रताला, प्रबंध कसा शोधायचा ते समजावत होत्या. नुसता विषय टाकून भागत नाही, मार्गदर्शकाचं नाव टाकून बघ. एका मार्गदर्शकाचे विद्यार्थी एकमेकांच्या शेजारच्या वाटेनेच गेलेले असतात, असं त्या सांगत होत्या. संगणकाच्या पडद्यावर त्यांचं बोट होतं आणि मागचं कपाट फुटलं. काचेचा एक लांब तुकडा नम्रताच्या दंडात घुसला. ती ओरडली नाही. तिने आधी दंडाकडे पाहिलं, मग खुर्चीसकट मागे सरकली.

पहार धरलेला मुलगा चोविशीचा असेल. कपाळावर पट्टी, पट्टीखालचं रक्त भुवईवर येऊन वाळलेलं. त्याने दुसरा घाव घातला. कपाटाची चौकट वाकली आणि काळ्या रेक्झिनचे, सोनेरी अक्षरांचे जाडजूड प्रबंध धडाधड खाली आले. एक उचलून त्याने उघडला, मुठीत येतील तेवढी पानं उपटली आणि भिरकावली. दुसरा उचलला.

"कुठाय तो? आंब्याच्या बागांवर लिहिलाय तो?"

ग्रंथपाल जेवायला गेले होते. विद्यापीठाच्या या रत्नागिरीतल्या केंद्रात मे महिन्यात तसंही कोणी फिरकत नाही. वाचनकक्षात या दोघीच होत्या. नम्रताने हळूच मोबाइल काढला. त्याने तो पहारीच्या टोकाने तिच्या हातातून उडवला आणि टाचेखाली चिरडला.

"पोलीस नको. खाली गेटवर बागवाल्या शेठची माणसं गाडी लावून बसलीत. पोलीस दिसले की ती इथे थांबणार नाहीत, सरळ आमच्या घरी जातील. बाबा घरात एकटेच आहेत."

असं म्हणून त्याने पहार पुन्हा डोक्यावर उचलली. नम्रता कपाटाच्या फार जवळ होती. राजश्रीबाई उठल्या. आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं, त्यामुळे आवाज आपोआप वर्गातला निघाला.

"ते वाणिज्य शाखेचं कपाट आहे. तिथे कितीही फोडलंस तरी मिळायचा नाही. समाजशास्त्र पलीकडे, खिडकीपाशी. आणि त्याला कुलूपही नाही."

पहार हवेतच थांबली.

"मग आधी बोलायचं ना!"

"तू आधी विचारलंस कुठे? विचारायच्या आधीच फोडलंस."

तो क्षणभर गोंधळला. पहार खाली आली. राजश्रीबाईंनी तेवढ्यात नम्रताचीच ओढणी गुंडाळून तिचा दंड आवळला आणि तिला टेबलापलीकडे ढकललं.

"तुला हवाय तो प्रबंध माझा आहे," त्या म्हणाल्या. "मीच लिहिलाय."

हे सांगायला नको होतं, असं त्यांना पुढच्याच क्षणी वाटलं. त्याने त्यांचा गळा धरून त्यांना कपाटावर आपटलं. ओठ दातांत सापडला आणि तोंडात रक्ताची चव आली.

"काय ओ बाई, तुम्हाला दुसरं नाव मिळालं नाय? पहिल्या पानावर लिहिता, नावे बदलली आहेत. मग बदलून बदलून माझ्या आयशीचंच नाव सापडलं? प्रेमला? ती शाळेची पायरी चढली नाय, तुम्हाला कधी भेटली नाय! आणि तुम्ही लिहिता, प्रेमला सांगते, बागेत गुरख्याला मारून टाकला. तुमचं ते पुस्तक नेटवर आहे. शेठच्या पुतण्याला सापडलं. त्याने ते पान गावच्या ग्रुपवर टाकलं. आख्ख्या वाडीत प्रेमला एकच आहे, कळतंय?"

"गळा सोड. बोलता येत नाही."

त्याने सोडला, पण बाजूला झाला नाही. त्याचा श्वास त्यांच्या तोंडावर येत होता.

"माणसं आली, मला तुडवला. बाबा बघत उभे राहिले. ती गेल्यावर बाबांनी आईला एक शब्द विचारला नाय, सरळ हात मोडला तिचा. आज शेठने सांगितलंय, ते पान फाडून आण, आणि बाईला हुडकून तिच्याकडून लिहून आण की नाव खोटं आहे. नेटवरचं तो बघून घेणार. नायतर घर ठेवत नाय." मग त्याने दाराकडे बघून हाक मारली. "आई! ये आत. बघू दे हिला, कोणाचं नाव वापरलंन ते."

दारातून एक बाई आत आली. पन्नाशीची असेल. उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला, एक डोळा सुजून बंद झालेला. काचांवरून ती जपून चालत आली आणि राजश्रीबाईंसमोर उभी राहिली.

राजश्रीबाईंनी तिला तत्क्षणी ओळखलं.

नऊ वर्षांपूर्वी पावस गावाच्या पुढे एका बागेत, आंबे भरायच्या पेट्यांना खिळे ठोकता ठोकता ही बाई त्यांच्याशी बोलली होती. बागेतला नेपाळी गुरखा झाडावरून पडून मेला, अशी नोंद सगळीकडे होती. तो पडला नव्हता, हे फक्त हिने सांगितलं. आणि शेवटी राजश्रीबाई म्हणाल्या होत्या की तुमचं नाव बदलीन, काळजी करू नका, तेव्हा हिने हातोडी खाली ठेवली. "बोललंय मी, आणि नाव दुसरीचा? माजाच लिवा." त्यांनी पुष्कळ समजावलं. ती ऐकेना. अखेर प्रबंधातली सगळी नावं बदलली, एवढं एक सोडून.

मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या वर्षी तो लांज्याला मामाकडे शाळेत असायचा आणि नवरा त्याच बागेत कामाला होता, हेही तिनेच सांगितलं होतं. केतन त्याचं नाव.

आता त्या बाईचा उघडा डोळा राजश्रीबाईंवर होता. त्यात ओळख होती आणि दुसरं काहीच नव्हतं. विनवणीही नव्हती.

"हिला कधी बघितलंय तुम्ही?" केतनने विचारलं.

"नाही," राजश्रीबाई म्हणाल्या. "पहिल्यांदाच बघतेय."

"मग नाव?"

"सहज सुचलं. खरी बाई वेगळी होती, दुसऱ्याच गावची. तुमच्या वाडीत या नावाचं कोणी आहे का, एवढं मी तपासायला हवं होतं. चूक माझी."

त्याने त्यांच्या कानाखाली वाजवली. नम्रता टेबलापलीकडे किंचाळली. राजश्रीबाईंचा चष्मा काचांमध्ये जाऊन पडला. त्या वाकल्या, चष्मा शोधला, पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"कागद दे, नम्रता."

त्यांनी उभ्या उभ्याच लिहिलं, की प्रबंधातलं प्रेमला हे नाव काल्पनिक आहे, त्या नावाच्या कोणत्याही स्त्रीशी आपण बोललेलो नाही. सही केली, तारीख घातली. अक्षर नेहमीसारखं गोल आलं. प्रेमला त्या अक्षरांकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. पण कागदावर काय चाललंय ते तिला कळत होतं, आणि तिने मान दुसरीकडे वळवली.

केतनने कागद खिशात घातला. "आता पान."

खिडकीपाशी जाऊन राजश्रीबाईंनी आपला प्रबंध काढला. नऊ वर्षांत तो फार कोणी हाताळलेला नव्हता. पाठीचा रेक्झिन अजून करकरीत होता. ते पान उघडून त्यांनी प्रबंध त्याच्या हातात दिला. केतनने ते फाडायला चिमटीत धरलं.

"वाच तरी," प्रेमला म्हणाली.

ती आत आल्यापासून पहिल्यांदा बोलली होती.

"कशाला?"

"माज्या नावानं हाय ना? काय लिवलाय त्या मला नको आयकायला?"

केतनने पानावर नजर फिरवली. पुस्तकी वाक्यं त्याला जड जात असावीत. त्याने प्रबंध राजश्रीबाईंच्या अंगावर ढकलला. "वाचा तुम्हीच. लवकर."

राजश्रीबाई वाचू लागल्या. ओठ सुजल्यामुळे शब्द जड येत होते.

"प्रेमला सांगते, आम्ही पेट्या भरत होतो. पाच आंबे त्याच्या झोपडीत सापडले म्हणून त्याला ओढत आणला. तो म्हणत होता, पडलेले वेचले, झाडाचे नाहीत. कोणी ऐकलं नाही. त्याला आंब्याच्या कलमाखाली आडवा घातला. दोघे मारत होते. पहिल्यांदा बांबूने मारलं, तो पिचला, मग पहारीने. गुडघे फुटल्याचा आवाज पेट्यांपर्यंत आला. तो आईला हाक मारत होता, त्याच्या भाषेत, पण हाक कळत होती. मग डोक्यात घातली. त्यानंतर आम्हाला सांगितलं, पेट्या भरा."

राजश्रीबाई थांबल्या. परिच्छेद संपला होता.

केतनच्या हातातली पहार एकदा फरशीला लागून वाजली. त्याने ती भिंतीला टेकवून ठेवली.

"तिसरा ऱ्हायला," प्रेमला म्हणाली.

हे ती राजश्रीबाईंना म्हणाली, जुन्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तशी. मग तिच्या लक्षात आलं असावं. पण तिने शब्द मागे घेतले नाहीत.

"मारीत व्हते दोघं. तिसऱ्यानं पाय धरलेले. तेवढा मी तेव्हा तुमाला सांगितला नाय."

राजश्रीबाईंनी केतनकडे पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांना खरी भीती वाटली. मघाशी गळा धरला तेव्हाही एवढी वाटली नव्हती. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, त्या मायलेकांच्या मधे येईल असं.

"तू हिला भेटलीस," केतन आईला म्हणाला. "म्हणजे तूच बोललीस."

"हां."

"आणि तिसरा? तिसरा कोण?"

प्रेमला आपला धड डोळा त्याच्यावर रोखून नुसती उभी राहिली. त्याचं तोंड आधी रागाने ताठरलं होतं, मग ते हळूहळू सैल पडत गेलं. त्याने खाली पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

खाली गेटवर हॉर्न वाजला. लांब, दोनदा. मग एक जाडा आवाज वर आला.

"ए केत्या! झाला काय रे? का आम्ही येऊ वर?"

राजश्रीबाईंच्या हातात प्रबंध उघडाच होता, तेच पान वर असलेला. केतन त्यांच्या शेजारून खिडकीशी गेला. बाहेर वाकण्याआधी त्याने बाहीने तोंड पुसलं.

"पुस्तकं लय आहेत ओ!" तो ओरडला. "सगळी सारखीच दिसतात. सापडायला वेळ लागेल!"

"किती वेळ?"

"बाई शोधतायत ना! बसा गाडीत!"

त्याने खिडकी लावून घेतली. मग दाराशी जाऊन दारही लावलं आणि कडी सरकवली. परत येताना त्याने नम्रताची खुर्ची ओढून आणली, सीटवरच्या काचा तळहाताने झाडल्या. तळहात कापला, तिकडे त्याने पाहिलं नाही. खुर्ची आईच्या मागे ठेवली आणि स्वतः तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला.

"बस," तो म्हणाला. "आणि पयल्यापासून सांग."