चंपाबाईंच्या टाचेवरचा जेल

मी एक बरणीभर पारदर्शक जेल आहे, मित्रांनो. दिसतो खाऊच्या जेलीसारखा, पण चाखू नका. छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत डॉक्टर नीरजाबाईंनी मला घडवलं. माझ्याआधीचे अकरा घाणे बिघडले होते. मी जमलो तेव्हा बाई टाळ्या पिटत नाचल्या.

काही हट्टी जंतू जखमेत चिकट थर करून त्याखाली दडतात. साध्या औषधाला ते भीक घालत नाहीत. त्यांचं आम्ल मला लागलं की मी सैल होतो, पोटातलं औषध सोडतो आणि तेवढ्या जागी पिवळा पडतो.

दौलताबादच्या किल्ल्याखाली सीताफळं विकणाऱ्या चंपाबाईंना मधुमेह. टाचेची जखम सात महिने भरेना. पाऊल कापायचं ठरलं. नीरजाबाईंनी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांशी भांडून तीन आठवडे मागून घेतले आणि मला चंपाबाईंच्या घरी धाडलं.

मला टाचेवर लावलं, तर चंपाबाई म्हणाल्या, "आग तर होईना. औषध हाय का पाणी?"

मला पुसून त्यांनी जखमेत तंबाखूची राख दाबली. लई झोंबली, तशा त्या खूश! माझं डोकंच फिरलं. सात महिने झोंबवून काय मिळालं होतं?

तिसऱ्या दिवशी नीरजाबाई आल्या. जखम चिघळलेली.

"मावशी, पाय तुमचा जाणार आहे, माझा नाही!"

त्यांनी जखम धुतली, मला लावलं आणि तासभर चंपाबाईंना हलू दिलं नाही. मग मला उचलून दाखवलं. माझ्यावर लिंबाएवढा पिवळा डाग पडला होता.

"पिवळं दिसतं तिथं जंतू होते."

"अगं बया! न झोंबता मरतेत व्हय?"

नवरा कडुबा हसला, "तू भांडल्याबिगर काम करत नाय. समद्यांना तसंच समजती!"

मग चंपाबाई स्वतःच पट्टी बदलताना मला उजेडात धरून बघू लागल्या. डाग बोराएवढा झाला, मग डाळीएवढा. विसाव्या दिवशी मी स्वच्छ निघालो! दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी टाच तपासली.

"पाऊल राहतंय, चंपाबाई."

चंपाबाईंनी आनंदानं तेच पाऊल दवाखान्याच्या फरशीवर आपटलं. नीरजाबाई ओरडल्या, "अहो, हळू!" आणि स्वतःच हसत सुटल्या.

मी आता संपत आलोय, त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, घरात कुणाला मधुमेह असेल तर आज त्यांचे तळपाय बघा. जखमेवर राख, चुना काही लावू देऊ नका. वडीलधारे रागावतील. रागावू द्या. पण बघा.