पोटातली चिमूट

मित्रांनो, शर्टाच्या बटणाएवढी, काळीसावळी, काठाचा टवका उडालेली एक म्हातारी वडी आहे मी. माझी एक बाजू तापवली आणि दुसरी गार ठेवली, की माझ्यातून वीज निघते. पण त्यासाठी विजेला वाट द्यायची आणि उष्णतेला अडवायचं. त्या दोघी जुळ्या बहिणींसारख्या हात धरून चालतात. त्यांची ताटातूट करणं हेच आमच्या घराण्याचं अवघड काम.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी धातू वितळवले, त्यांचा गोळा दळला, भुकटी साच्यात दाबून भट्टीत भाजली आणि मी झाले. दळण्याआधी भट्टीवाले काका म्हणाले होते, "बाई, भांड्याच्या बुडाशी कालची दुसरी भुकटी चिकटलीय. खळबळून आणू?"

"राहू द्या हो काका. चिमूटभर तर आहे!"

ती चिमूट माझ्या पोटात गेली. वहीत मात्र गेली नाही.

मला मोजलं, तर वीज नेहमीच्या दीडपट! त्या चिमटीनेच उष्णतेची वाट अडवली होती. "लेकीने नाव काढलं बाई तुमचं," काका म्हणाले.

मग बाईंनी माझ्या बहिणी घडवल्या. एक नाही, चाळीस. दर वेळी भांडं लख्ख घासून! एकीलाही माझी सर आली नाही. दुसऱ्या प्रयोगशाळांतही कुणाला जमलं नाही. मोजण्यात चूक झाली असेल, असं लोक आधी म्हणाले. मग म्हणाले, बाईच खोटं बोलल्या. काका तोवर निवृत्त झाले होते आणि बाई त्या चिमटीचं बोलणं पार विसरल्या होत्या.

"कापून आत बघू या ना हिला," सोबतचे सर म्हणाले.

"अजिबात नाही. हिला कापलं तर माझ्याकडे पुरावा काय उरेल?"

तेव्हापासून मी काचेच्या कुपीत, कापसात, कपाटात. दोन्ही बाजूंना सारखीच हवा. त्रास नाही, चटका नाही आणि वीजही नाही.

आज बाईंचा कामाचा शेवटचा दिवस होता. त्यांनी मला तळहातावर घेतलं. खाली ऊब, वर गारवा. कित्येक वर्षांनी माझ्यात वीज हलली. हाताला कळेल एवढी नव्हती ती. "कुणी विश्वास नाही ठेवला गं," एवढंच म्हणून त्यांनी मला पुन्हा कापसात निजवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

मित्रांनो, कुलपात ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. आपल्या चुकाही वहीत लिहीत जा. आणि कधी हे कपाट उघडलंत, तर मला खुशाल कापा. बाई खऱ्या होत्या, हे माझ्या पोटात लिहिलेलं आहे.