चावी काढल्यावर वाजणारा भोंगा

शनिवारी संध्याकाळपर्यंत आईला गाडी चोरता आली, तर गाडी शोरूमला परत जाणार होती. नाही आली, तर राहणार होती. असा करार मायलेकींमध्ये झाला होता, आणि दोघींपैकी एकीलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आईचं कुलपांचं दुकान. चावी हरवली, दार अडकलं, तिजोरी रुसून बसली की अख्खी गल्ली तिच्याकडे धाव घ्यायची. दोन वाकवलेल्या तारा आणि कुलपाला लावलेला कान, एवढ्यावर ती वाट्टेल ते उघडायची. लेक मोटारींच्या वाइंडिंगचं, म्हणजे कारखान्यातल्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्याने गुंडाळायचं काम करायची. लहानपणी तिने प्लगमध्ये खिळा घालून घरभर अंधार केला होता, तेव्हापासून सगळे तिला ठिणगी म्हणायचे. आता तर तिचं खरं नाव आईलाही जरा आठवावंच लागे. कारखान्यांत जागेवर जाऊन मोटारी दुरुस्त करायच्या म्हणजे गाडी हवी, म्हणून ठिणगीने इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली होती. निळी, तकतकीत आणि मांजरासारखी बिनआवाजाची. तिच्याकडे बघताना ठिणगीला जेवण सुचत नव्हतं.

आईच्या मात्र गाडी म्हटली की कपाळाला आठ्या पडायच्या. ठिणगी शाळेत असताना आईची स्कूटर भरदुपारी, दुकानाच्या दारातून, ती आत चावी घासत असताना चोरीला गेली होती. गल्लीत माणसं होती, पण एकानेही मान वर केली नाही. नंतर मात्र सगळ्यांना वाचा फुटली. कुलूपवालीचीच गाडी गेली, हा विनोद वर्षभर पुरला. आईही त्यांच्याबरोबर हसली, आणि तेव्हापासून हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून सगळीकडे पायी जाऊ लागली.

"माझ्या दारात पुन्हा गाडी उभी राहणार नाही," तिने निळ्या गाडीकडे न बघताच सांगितलं होतं. "एवढीच हौस असेल, तर मला चोरता येणार नाही अशी करून दाखव. शोरूमवाला शनिवारपर्यंत परत घेतो म्हणालाय ना?"

ठिणगीने त्याच दिवशी चोरभोंगा आणला आणि गाडीच्या हॉर्नच्या तारेला जोडून टाकला. चाचणी घेतली तेव्हा तो असा ठणाणला की समोरच्या शिंप्याने स्वतःच्या बोटात सुई टोचून घेतली. ठिणगी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने गाडीचं स्टँड काढलं आणि भाजी आणायला निघाल्यासारखी गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली. भोंगा चूं की चां करायला तयार नाही.

ठिणगीने कपाळावर हात मारून घेतला. पेट्रोलच्या गाडीत छोटी बॅटरी सदैव जागी असते, तीच सवय तिच्या हाताला होती. इथे सीटखाली एकच अवाढव्य बॅटरी. तिच्या विजेचा दाब दिव्याला आणि हॉर्नला झेपेल इतका कमी करणारी एक डबी असते, आणि ती डबी चावी लावल्यावरच जागी होते. चावी काढली की तीही झोपते आणि तिच्या जिवावर जगणारा भोंगाही.

"म्हणजे चावी लावली तरच वाजतो होय?" आई म्हणाली. "मग हा मालकाला पकडायचा भोंगा झाला की गं."

ठिणगी इरेला पेटली. तिने दुसरी डबी आणली, कधीच न झोपणारी, आणि ती थेट मोठ्या बॅटरीवर बसवली. शुक्रवारी आईने हँडलला नुसता हात लावला आणि भोंग्याने गल्ली डोक्यावर घेतली. वरच्या खिडकीत ठिणगीने टाळी वाजवण्यासाठी हात उचललेसुद्धा. तेवढ्यात आईने सीटच्या कुलपात तार घातली, सीट उघडली आणि मोठी बॅटरी मुठीला धरून बाहेर ओढली. क्षणात सगळं चिडीचूप. बाहेर आलेला शिंपी डोळे चोळत परत आत गेला.

"गाडी मागाहून नेईन," आई बॅटरी कडेवर घेऊन म्हणाली. "आधी हीच विकते. सगळ्यात महाग तर हीच आहे ना?"

शनिवारी दुपारी ठिणगी आईच्या दुकानात तोंड पाडून बसली होती. शोरूमला फोन करायचा म्हणून तिने मोबाइल हातातही घेतला होता, आणि नेमकी वीज गेली. गल्ल्यावरचा इमर्जन्सी दिवा आपोआप पेटला. तो तिथे कित्येक वर्षं होता आणि ठिणगीने तो हजारदा पेटताना बघितला होता. पण आज ती त्याच्याकडे बघतच राहिली. वीज असते तेव्हा हा निमूट खाऊन घेतो, आणि वीज गेली की जागा होतो. वीज जाणं हीच त्याची हाक. तिने मोबाइल खाली ठेवला.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काही नाही. संध्याकाळी ये चोरायला."

मग तिच्या हातांना थारा राहिला नाही. एका जुन्या यूपीएसमधली छोटी बॅटरी तिच्या सामानात पडून होती, ती तिने आधी चार्जरला लावली. भोंगा आता हिच्यावर चालेल. गाडी धावताना दिव्याच्या तारेतून हिचं पोट भरेल, आणि चावी काढल्यावर तो प्रवाह उलटा पळू नये म्हणून मध्ये एक डायोड. मोठ्या बॅटरीकडे फक्त एक बारीक तार, ती जागेवर आहे ना एवढं बघत राहायला. मोठी बॅटरी हलली की भोंग्याने बोंब मारायची. हा सगळा संसार तिने हेडलाइटच्या मागे, साध्या स्क्रूंच्या झाकणाखाली कोंबला. तिथे कुलूपच नव्हतं, म्हणजे आईला उघडायलाही काही नव्हतं. गल्लीत दोन चकरा मारून मीटरवर छोट्या बॅटरीचा आकडा चढताना बघितला, तेव्हा ती एकटीच खदखदून हसली.

दिवेलागणीला आई पिशवी घेऊन आली. चोर म्हणून ती आता चांगली तयार झाली होती. हँडलला हातच लावला नाही. सरळ सीटचं कुलूप, मग सीट, मग मूठ, आणि बॅटरी बाहेर.

काहीच वाजलं नाही.

खिडकीत ठिणगी पुढे वाकली. कुठली तार सुटली, डायोड उलटा बसला की काय, सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं. आईने वर बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, हे ठिणगीला स्पष्ट दिसलं. आणि मग, त्या बारीक तारेतला उरलासुरला जीव संपल्यावर, भोंगा सुटला.

आईच्या हातून बॅटरी पडता पडता राहिली. तिने ती खाली ठेवली, सीटखाली चाचपलं, चाकांमागे वाकून बघितलं. भोंगा थांबेना. शिंपी गळ्यात टेप घेऊन धावत आला. बेकरीवाल्या मावशी पिठाच्या हातांनी आल्या. न्हाव्याच्या दुकानातून तर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक टॉवेलसकट बाहेर पडलं. "अहो, ही तर कुलूपवालीच," कोणीतरी म्हणालं, आणि गल्ली खो खो हसायला लागली.

ठिणगी भोंगा बंद करायचा रिमोट घेऊन जिने उतरत खाली आली. आनंदाने तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. ती बटण दाबणार, तोच आईने तिचं मनगट धरलं.

"थांब. वाजू दे."

"अगं, कान फुटतील लोकांचे."

आई गाडीकडे बघतच नव्हती. ती शिंप्याकडे, मावशींकडे, त्या अर्ध्या दाढीच्या माणसाकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"बघ ना किती जण आलेत," ती म्हणाली. "वाजू दे जरा."

ठिणगीने रिमोट खिशात टाकला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. शोरूम बंद व्हायची वेळ टळून गेली, शिंप्याने दोनदा हात जोडून विनवलं, तरी दोघी तशाच उभ्या होत्या आणि भोंगा वाजत होता.