गंगारामच्या खुर्चीचं पेन

नंदकुमारांनी खुर्चीचा मागचा डावा पाय वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि हॅक्सॉ करवत चालवायला सुरुवात केली. चार फेऱ्यांतच पाय निघाला, पण कापला असा गेलाच नाही. खारी बिस्किटासारखा त्याचा भुगा झाला. त्यांनी उजवा पाय लावला. त्याचाही भुगाच झाला.

मीटर रूमच्या दारात गंगाराम उभा होता. सतरा वर्षं याच मरून रंगाच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यानं सागरगंध सोसायटीचं गेट राखलं होतं, त्यामुळे तिच्या पायांबद्दल बोलायचा अधिकार त्याला होता.

"पायात दम न्हवताच सायेब तिच्या. मी तारंनं आवळली हुती."

"मग बसत कसे होतात?"

"सांभाळून."

नंदकुमारांनी भुगा कागदावर गोळा केला. गंगाराम तिथंच घुटमळत राहिला.

"सायेब, एक इचारू? आता एक तारखेपतुर मी बसू कुठं?"

या प्रश्नाचा कमिटीनं विचार केलेला नव्हता. कमिटीनं विचार केला होता तो निरोप समारंभाचा. गंगाराम एकसष्ट वर्षांचा झाला होता आणि येणाऱ्या नव्या एजन्सीला साठीपुढचा माणूस चालत नव्हता. शिवाय गेटवर आता रजिस्टरऐवजी टॅब्लेट बसणार होता. पाहुण्यानं मोबाइल नंबर सांगायचा, वर फ्लॅटमध्ये घंटी वाजायची, फ्लॅटवाल्यानं बोट लावलं की पाहुणा आत. सेक्रेटरी निशांत महाप्याला आयटीत होता. त्यानं हे सगळं मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवलं आणि शेवटच्या चित्रात गंगारामसाठी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ सुचवलं.

नंदकुमार एरवी मीटिंगमध्ये बोलत नसत, कारण त्यांना अर्धी मीटिंग ऐकूच येत नसे. महाप्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, तेव्हा हात शाबूत घेऊन बाहेर पडले होते; कान आतच राहिले होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक लहानसं लेथ मशीन घेतलं आणि भलत्यासलत्या प्लास्टिकची पेनं करायला सुरुवात केली. कुकरचं हँडल, भाजी चिरायचा पाट, मेव्हण्याच्या स्कूटरची डिकी. आधी ते मशीन बाल्कनीत होतं. वैजयंतीबाईंनी आठ दिवस सहन केलं आणि नवव्या दिवशी मशीन, नवरा आणि एक स्टूल असं तिन्ही तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये पोचतं केलं.

तर त्या मीटिंगमध्ये नंदकुमार उभे राहिले आणि म्हणाले, "घड्याळ नको. मी त्याच्या खुर्चीचं पेन करून देतो."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाला. माणसाचा सन्मान करायचा म्हणजे आधी त्याची खुर्ची काढून घ्यायची, हे सोसायटीतल्या बऱ्याच जणांना आपापल्या ऑफिसातून ठाऊक होतं.

नवी खुर्ची आणायचा नंदकुमारांचा प्रश्न निशांतनं गेटवरच निकालात काढला. "काका, आठ दिवसांसाठी कुठं नवी आणायची? एजन्सीवाला त्याची आणतोच आहे. तोवर ॲडजस्ट करतील ना ते."

गंगारामनं ॲडजस्ट केलं. म्हणजे तो उभा राहिला. दुपारी एकच्या सुमाराला, वर्दळ नसे तेव्हा, तो मीटर रूममध्ये येऊन नंदकुमारांच्या स्टुलावर टेकायचा. गेट तिथून दहा पावलांवर होतं. तो गेटकडे पाठ करून बसे आणि मशीनकडे बघे.

"गेट कोण बघणार?" नंदकुमारांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"बघतोय की." गंगारामनं मान वळवली नाही. "सी-विंगचे डाक्टर आले बघा. पुढचा डावा ब्रेक घासतोय त्यांचा, कवाच सांगितलंय."

नंदकुमारांनी जाळीतून पाहिलं. डॉक्टरांची गाडी गेटातून आत वळत होती. नंदकुमारांना गाडीच ऐकू आली नव्हती, ब्रेक तर लांबच.

खुर्चीचे चारही पाय, हात आणि पाठ वाया गेली. सतरा उन्हाळ्यांनी त्यांचा मरून रंग फिका गुलाबी करून टाकला होता. बोटानं दाबलं तरी पांढरी पूड सुटत होती. बैठकीच्या मधोमध मात्र एक मोठा गोल तुकडा जसाच्या तसा होता. गडद, चिवट, नव्यासारखा. नंदकुमारांनी तो उलटसुलट करून पाहिला, मग गंगारामकडे पाहिलं.

"इथं ऊन पोचलंच नाही."

"कसं पोचंल? मी बसलेलो."

गंगारामचा जो भाग सतरा वर्षं खुर्चीला टेकत होता त्यानंच हे प्लास्टिक वाचवलं होतं. तेवढ्या तुकड्यात तीन दांड्या निघणार होत्या. एक पेन म्हणजे एक दांडी, टोपणासकट. हात बसेपर्यंत एखादी वाया जाते, हे धरूनही नंदकुमार निर्धास्त होते.

तुकड्याचे पकडीनं बारके कपटे करायचे, लोखंडी पाइपमध्ये ठासायचे, पाइप ओव्हनमध्ये तापवायचा आणि मग वरून दट्ट्या लावून वाइसमध्ये आवळून निवू द्यायचा, अशी कृती होती. ओव्हन घरातला होता. स्वयंपाकघरात विझलेल्या मेणबत्तीसारखा वास पसरला. वैजयंतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"यात मी उद्या केक केला तर तो गंगारामच्या बुडाखालचा लागेल."

"चव नाही उतरत."

"आजवर तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच माहीत होतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी उघडली.

पहिली दांडी निवताना आतून आकसली. कापून पाहिली तर मधे पोकळी, बांबूसारखी. दुसरी आणि तिसरी नंदकुमारांनी जास्त आवळली. त्या भरीव निघाल्या. गडद मरून रंगात मधेच गुलाबी रेघा उमटल्या होत्या. उन्हातल्या कडेचे दोन-चार कपटे चुकून मिसळले असणार.

दुसरी दांडी मशीनवर चढली तेव्हा गंगाराम स्टुलावर होता. नंदकुमारांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. मशीन सुरू झालं की यंत्र कानात शिट्टी मारायचं. कापणारं टूल दांडीला टेकलं. प्लास्टिकची साल शेवयांसारखी लांबच लांब सुटू लागली. दांडी छान गोल झाली, आतून पोखरून झाली. मग आटे पाडताना एकाएकी टूल घुसलं. टोपण जिथं बसायचं तिथंच दांडी फाटली.

नंदकुमारांनी मशीन बंद केलं आणि फाटका तुकडा हातात धरून उभे राहिले. यंत्र कानात घालायला त्यांना जरा वेळ लागला.

"आवाज मगाशीच बदलला हुता," गंगाराम म्हणाला.

"काय?"

"आदी सरसर सरसर यायचा. मग किरकिर लागली. मला वाटलं तसंच असंल."

टूलाची धार गेली की आवाज बदलतो. टूलरूममध्ये पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. नंदकुमारांनी स्वतः कित्येकांना शिकवलं होतं. गेल्या वर्षभरात मशीनवर सहा पेनं फुटली होती आणि सहाही वेळा त्यांनी प्लास्टिकला नावं ठेवली होती. त्यांनी फाटका तुकडा कामाच्या बाकावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"आता एकच राहिली."

"व्हय."

"ती गेली तर खुर्चीही गेली आणि पेनही."

गंगारामनं स्टुलावरून उठून शेवया केरसुणीनं एका बाजूला केल्या.

"खुर्चीचं काय न्हाय हो. ती आज न् उद्या जायचीच हुती." केरसुणी कोपऱ्यात ठेवून तो म्हणाला, "समदे सांगतेत, घरी बसा आता निवांत. नावड्याला एक खोली हाय आमची. पोरगा जासईला कंटेनरच्या यार्डात, सून कामाला. दिवसभर येतंय कोन, जातंय कोन? दाराला कडी लावून मानसानं बघायचं काय?"

नंदकुमारांनी टूलाला धार लावायला घेतली आणि बराच वेळ लावली.

"असं करा," शेवटी ते म्हणाले. "उद्या तुम्ही इथं समोर बसा. किरकिर लागली की मला सांगा."

"तुमाला ऐकू कसं येनार?"

"हात करा."

दुसऱ्या दिवशी तिसरी दांडी चढली. गंगाराम स्टुलावर ताठ बसला, डोळे मिटून. दोन मिनिटांनी त्याचा उजवा हात वर गेला, पंजा पुढं. भलता टेम्पो आत घुसू बघतो तेव्हा जायचा तसा. नंदकुमारांनी टूल मागं घेतलं, धार लावली, परत टेकवलं. पुन्हा हात. पुन्हा धार. अकरा वेळा त्या हातानं टूल थांबवलं. बाराव्यांदा हात वर गेला नाही. नंदकुमारांनी मशीन बंद केलं आणि टोपण दांडीवर फिरवलं. साडेतीन आट्यांत ते बसलं.

"आता निब लावतो," नंदकुमार म्हणाले. त्यांच्याकडे एक जपून ठेवलेली निब होती.

"सायेब, रिफिल टाका."

"रिफिल?"

"रजिस्टरचा कागद शाई पितोय. एका नावाचा सारा डाग व्हतोय."

नंदकुमारांनी आयुष्यात रिफिलचं पेन केलं नव्हतं. त्यांनी निब डबीत परत ठेवली. चेहरा मात्र त्यांना तसाच ठेवता आला नाही.

"आनि टोपनाला वर एक भोक पाडा. दोरीला. सतरा वर्षांत किती पेनं गेली तुमाला सांगू? टिकलं ते दोरीचं."

"भोक पाडणार नाही," नंदकुमार म्हणाले. "क्लिप लावतो, तिला काय बांधायचं ते बांधा. माझंही काहीतरी राहू द्या."

रजिस्टर म्हणजे गंगारामचा जीव होता. नाव, कुठून, कुणाकडे, काम, आत, बाहेर असे त्याचे सहा रकाने. पहिले पाच कुणीही भरतं. सहाव्यासाठी गंगाराम होता. बाहेर पडल्याची वेळ लिहिल्याशिवाय त्यानं कुणाला जाऊ दिलं नाही. बी-विंगच्या जावयाला त्यानं एकदा रिक्षातून उतरवून परत आणलं होतं, आणि जावई तेव्हा भांडून निघालेला होता. रकाना भरेपर्यंत सासरे खाली पोचले आणि भांडण मिटलं, असं बी-विंगमध्ये सांगतात.

समारंभ तीस तारखेला संध्याकाळी पार्किंगमध्ये झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. घड्याळ ठरावाआधीच आलेलं होतं, त्यामुळे तेही झालं. निशांतनं छोटंसं भाषण केलं, टॅब्लेटवरचं प्लास्टिक काढलं आणि टाळ्या पडल्या. मग नंदकुमारांनी पेन दिलं. गंगारामनं टोपण फिरवून काढलं, साडेतीन आटे. परत लावलं, साडेतीन आटे. पेनातल्या गुलाबी रेघेवरून त्यानं अंगठा फिरवला. "दोन शब्द बोला," असं कुणीतरी म्हणालं.

"बरं झालं," गंगाराम म्हणाला. बोटांवर मोजून पाहिलं तेव्हा दोनच शब्द झाले होते, म्हणून तो खाली बसला. बसायला खुर्ची होती. समारंभासाठी भाड्यानं आणल्या होत्या.

एक तारखेला सकाळी नंदकुमार नेहमीपेक्षा लवकर खाली आले. मीटर रूमच्या दाराशी, आमचंही पेन करा म्हणून, कुणी कुणी वस्तू ठेवून गेलं होतं: बाळाचा टब, बॅडमिंटन रॅकेटची तडकलेली पेटी, आणि तळ गेलेली निळी बादली. बादलीत वैजयंतीबाईंच्या अक्षरातली चिठ्ठी होती: "ही माझ्या माहेरची आहे. पेन करताना फाडलीत तर बघा."

नंदकुमारांनी बादली बाकावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. मशीन सुरू केलं नाही.

गेटवर नवा गार्ड नव्या खुर्चीवर बसला होता. नऊच्या पुढं गंगाराम आले. आता ते सोसायटीचे नोकर नव्हते, तेव्हा त्यांना अहोजाहो करायला हरकत नाही. अंगात पांढरा सदरा, गळ्यात दोरी, दोरीला क्लिपनं अडकवलेलं मरून पेन आणि काखेत भिंतीवरचं घड्याळ.

"मोबाइल नंबर बोला बाबा," गार्ड टॅब्लेट पुढं करत म्हणाला. "कोणत्या फ्लॅटला?"

"फ्लॅट न्हाय." गंगारामांनी गेटवरच्या टेबलाचा खालचा खण ओढला. रजिस्टर तिथंच होतं. त्यांनी ते उघडलं, कालच्या तारखेखाली रेघ मारली आणि सावकाश लिहायला लागले. जाळीतून पाहणाऱ्या नंदकुमारांना राहवलं नाही. ते गेटपर्यंत आले.

नाव: गंगाराम. कुठून: नावडे गाव. कुणाकडे: नंदकुमार साहेब, मीटर रूम. काम, या रकान्यापाशी पेन जरा थांबलं, मग त्यांनी लिहिलं: ऐकणे. काखेतल्या घड्याळात बघून आत येण्याची वेळ टाकली, नऊ बारा. आणि टोपण फिरवून पेन बंद केलं.

गार्डनं मान वाकडी करून वाचलं. "बाबा, हे शेवटचं राहिलं. बाहेर."

गंगारामांनी त्या रिकाम्या रकान्याकडे पाहिलं. रजिस्टर मिटलं.

"खिळा हाय का तुमच्याकडं?" त्यांनी नंदकुमारांना विचारलं. "खोलीत घड्याळ न्हाय तुमच्या."

मीटर रूममध्ये नंदकुमारांनी खिळा शोधून दिला, स्टूल फडक्यानं पुसून मशीनसमोर ओढलं आणि पकडीनं निळ्या बादलीचा पहिला कपटा काढला. दोन-तीन दिवसांनी त्या बादलीची दांडी भरीव निघून मशीनवर चढली, तेव्हा त्यांनी कानातलं यंत्र काढलं आणि खिशात न टाकता नीट डबीत ठेवलं. मग समोर गंगारामांकडे बघून मान हलवली आणि बटण दाबलं.