ही गाडी हिरवी आहे

विचियान मास्तरांनी अंगठ्याच्या नखानं मोटरसायकलवरच्या स्टिकरचा कोपरा उचलला. स्टिकरवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘ही गाडी हिरवी आहे’. गाडी निळी होती. निळी म्हणजे अशी निळी, की त्याबाबत दोन माणसांत मतभेद व्हायचं कारण नव्हतं.

यात मास्तरांना नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. थायलंडातल्या आमच्या नानमध्ये दहातली एक गाडी तरी आपल्या रंगाबद्दल असं धडधडीत खोटं बोलत हिंडते. रविवारी जन्मलेल्याला निळा रंग वाईट. पण निळीच मनात भरली असेल तर माणूस निळी घेतो, तिच्यावर हिरवी असल्याचं लिहितो, आणि नशिबाला वाचता येतं पण दिसत नाही, या भरवशावर ती हाकतो. मास्तरांनी अडतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. प्रकाशाचा धडा आला की ते हा विनोद करत. मुलं दरवर्षी हसत. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या बापांच्या गाड्यांवर स्टिकर असत.

नवल होतं ते उचललेल्या कोपऱ्याखाली. तिथं दुसरा स्टिकर होता. ‘ही गाडी पांढ’ एवढं दिसलं. त्याच्याखाली आणखी एक कड होती, गुलाबी.

“कुठं खरचटलंय का मास्तर?” मागून इनकॅव काकांनी विचारलं. काका विहाराचे कारभारी. किल्ल्या, देणग्या आणि भंतेजींची दुपारची झोप, तिन्हींची राखण त्यांच्याकडे.

“नाही, नाही. गाडी छान आहे.”

गाडी खरोखरच छान होती. तारांची उंच चाकं, दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या पेट्या, पुढं काच, आणि चिखल, खडी, ओढा असं काहीही आलं तरी चालेल अशी एकंदर मुद्रा. विहाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीशेजारी ती उभी होती. नवी घ्यायची तर मास्तरांना पेन्शनकडे बघून हसू आलं असतं. ही निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती.

“बसा की वर,” काका म्हणाले.

मास्तर बसले. दोन्ही टाचा अधांतरी राहिल्या. पण हात रुंद हँडलवर गेले आणि पाठ आपोआप ताठ झाली. शेडबाहेर डोंगर एकामागे एक उभे होते. त्यांच्यातून जाणाऱ्या रस्त्याची वळणं मास्तरांनी वर्षानुवर्षं फळ्यावर काढली होती: वळणाची त्रिज्या, गाडीचा वेग, बाहेर फेकणारा जोर. स्वतः मात्र ते एकशेदहा सीसीच्या जुन्या स्कूटरवरून साठच्या पुढं कधी गेले नव्हते. सप्टेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. नोव्हेंबरात थंडी पडली की मित्र पायोंग आणि त्याची टोळी उत्तरेला निघणार होती. टोळीतल्या सगळ्यांनी साठी गाठली होती, सगळ्यांकडे अशाच गाड्या होत्या, आणि सगळे दर शनिवारी एखाद्या दरीच्या काठावर कॉफी पिऊन परत येत. मास्तर त्यांचे फोटो बघत आणि अंगठा दाखवत.

समोरच्या आकड्यांकडे त्यांची नजर गेली. चार हजार एकशे बारा किलोमीटर.

“किती हातांतून आलीय ही, काका?”

“नोंदणीचं पुस्तक बघा ना. एकच नाव आहे.”

पुस्तकात एकच नाव होतं खरं. पण त्याला काय अर्थ? विकणारा सही ठोकून कागद तरंगते सोडतो, घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवतो. घेणारा ते तसेच पुढं देतो. सरकारी दप्तरात गाडी पहिल्या माणसाच्या दारात उभी असते, आणि इकडं ती तीन जिल्हे फिरून आलेली असते.

“पुस्तकात एक. आणि पुस्तकाबाहेर?”

“बाहेरचं विचारताय होय? मग तीन.”

काका चटकन म्हणाले. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. विचारल्याशिवाय खरं बोलायचाही नव्हता.

तीन मालक. तीन स्टिकर. मास्तरांनी मनाशी गणित मांडलं. निळ्या गाडीवर स्टिकर लावतो तो रविवारचा. एक माणूस रविवारचा असण्याची शक्यता सातात एक. तिघंही तसेच असण्याची, तीनशे त्रेचाळीसांत एक. अशक्य नव्हे. लॉटरीपेक्षा तर बरीच बरी. ते स्वतःही रविवारचेच होते, पण ते त्यांनी गणितात धरलं नाही.

“तिघांनी मिळून चारच हजार किलोमीटर?”

“गाडी वाईट नाही हो,” काका म्हणाले. “या, सभागृह दाखवतो. नवीन बांधतोय.”

गाडीचा आणि सभागृहाचा संबंध मास्तरांना कळला नाही. पण ते उतरले. उतरताना पाय पेटीला अडकला आणि काकांनी त्यांना दंडाला धरून सांभाळलं.

सभागृहाचं छप्पर अर्धं झालं होतं. आत गार होतं, ओल्या चुन्याचा वास होता. पुढच्या ओळीत चार खांब. तीन खांबांना लाल रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, आणि छातीच्या उंचीवर दात्यांची नावं आणि बुद्धसंवतातली सालं. चौथ्याला नुसतं पांढरं अस्तर मारलेलं.

मास्तरांनी सवयीनं पहिला खांब वाचला, फळ्यावरचं वाचावं तसा. ‘श्री. सुथोन. २५०८ ते २५६४. पत्नी व मुलांकडून विहारास वाहन एक.’

दुसरा. ‘श्री. बुनलर्त. २५०३ ते २५६५. मुलीकडून विहारास वाहन एक.’

तिसरा. ‘श्री. खाम्पन. २५११ ते २५६६. भावांकडून विहारास वाहन एक.’

तिसऱ्या खांबाचा रंग अजून बोटाला लागत होता.

“वाहन एक,” मास्तर म्हणाले.

“तेच एक,” काका म्हणाले. “लोक जन्मभर विहाराला वीट देत नाहीत मास्तर. या गाडीनं तीन खांब दिले.”

मास्तरांनी लाल झालेलं बोट विजारीला पुसलं. “गेले कसे हे?”

“सुथोन वळणावर. बोकलुआच्या घाटात.” काकांनी हात जोडून पहिल्या खांबाला नमस्कार केला. “बुनलर्तचं हृदय. पंपावर हवा भरत होता, गाडी उभीच होती. खाम्पन तर पेरूच्या झाडावरून पडला.”

“झाडावरून?”

“गाडी खाली लावली होती. सीटवर चढून फांदी धरायला गेला.” काकांनी तिसऱ्या खांबालाही नमस्कार केला. “आता यात गाडीचा काय दोष, सांगा.”

पदार्थविज्ञानात झाडावरून पडणाऱ्या माणसाचा दोष पृथ्वीला देतात. वळणाचा दोष वेगाला. हृदयाचा दोष चरबीला, आणि तो डॉक्टरांच्या खात्यातला विषय. गाडीच्या नावावर काहीच येत नव्हतं. तरी गार सभागृहात मास्तरांच्या बगला ओल्या झाल्या.

काकांचा फोन वाजला. ते दारापाशी गेले. “हो ताई… हो हो… नाही, नाही, बोलत नाही मी… अहो, पुण्यकर्मच आहे हे ताई.” बराच वेळ ते ऐकत राहिले आणि ऐकता ऐकता मास्तरांकडे पाहत राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर माया होती. त्यांनी मास्तरांना वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, शिंपी पाहतो तसं.

“मग काय ठरतंय मास्तर?”

“घरी विचारून सांगतो.” न घेण्याचं ठरलं की आमच्याकडचे सगळे पुरुष हेच वाक्य वापरतात. बायकांना हे माहीत नसतं, म्हणून ते टिकून आहे.

“विचारा, विचारा,” काका म्हणाले. “गाडी कुठं जात नाही.”

जुन्या स्कूटरवरून घाट उतरताना मास्तर चाळिसाच्या वर गेले नाहीत. प्रत्येक वळणावर त्यांनी भोंगा वाजवला. बोकलुआचा घाट मागं पडला तेव्हा त्यांना हलकं वाटलं, आणि मग त्या हलकेपणाचाच राग आला. आपण गाडी नाकारली ती किंमत, उंची, वय हे सगळं तोलून, असं त्यांनी स्वतःला बजावलं. त्यातली किंमत तर चांगली होती.

ओराथाई अंगणात बसून भाजलेल्या हिरव्या मिरच्या खलात कुटत होती. ती जिल्हा इस्पितळात तीस वर्षं परिचारिका होती. गाडीचा विषय निघाला की तिचं एकच वाक्य असे: “मी कापून काढलेली हेल्मेटं मोजली तर तुमच्या शाळेला पुरतील.” दोन वर्षं ते वाक्य घरात पहारा देत होतं.

“आलात? बघून आलात?” ती म्हणाली. मास्तरांनी जाताना पोस्टात जातो म्हणून सांगितलं होतं.

“काय बघून?”

“पायोंगभाऊंनी सांगितलं सगळं. तुम्ही खोटं बोलता वाईट आणि लपवता त्याहून वाईट.” तिनं मुसळ खाली ठेवलं. “बसा. आधी ऐका, मग बोला. परवा तुम्ही ओसरीच्या कठड्यावर दोन्हीकडं पाय टाकून बसला होतात. पाऊण तास. डाव्या पायानं गिअर टाकत होतात.”

“पाय दुखत होता.”

“गप्प बसा हो. मी इस्पितळात घाटातून आलेली माणसं पाहिली, खरं आहे. पण निवृत्त होऊन खुर्चीत बसल्या बसल्या संपलेली त्याच्या दुप्पट पाहिली. ती आणतानाच थंड असतात.” ती हसली. असं हसताना तिला मास्तरांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. “आणि विहारातली गाडी म्हटल्यावर मी नाही कशी म्हणू? बुद्धाच्या दारात उभी राहिलेली गाडी. मगाशी इनकॅव काकांना फोन केला. पैसे पाठवून दिले.”

मास्तर खलातल्या मिरच्यांकडे पाहत राहिले.

“माझ्याकडून. निवृत्तीची भेट. अहो, काहीतरी बोला!”

बोलायला मास्तरांनी तोंड उघडलं. सांगायचं होतं ते तीन स्टिकरांचं, तीन खांबांचं, पेरूच्या झाडाचं. पण ते सांगायचं म्हणजे का सांगतोय तेही सांगायला हवं. अडतीस वर्षं ज्या विनोदावर पोरं हसवली, तो विनोद आपल्यालाच चावला, हे कबूल करायला हवं. आणि ते सांगायचं या बाईला, जिला लग्नानंतर महिनाभरात तिच्या माहेरच्या ज्योतिषावरून त्यांनी रडवलं होतं.

“गाडी जरा उंच आहे,” ते म्हणाले.

“स्टूल घेऊ.”

“आणि पैसे… परत मागितले तर?”

“दान परत मागायचं? विहाराकडून?” ओराथाईनं छातीवर हात ठेवला. “डोकं ठिकाणावर आहे ना? आणि काका किती चांगले! म्हणाले, मास्तरांचं नाव खांबावर घालू. चौथा खांब मोकळाच आहे.”

“नाव?”

“पूर्ण नाव सांगितलं. ‘निवृत्त शिक्षक’ लावायला सांगितलं. जन्मसाल विचारलं, ते सांगितलं. म्हणाले, पुढची जागा सध्या कोरी ठेवतो.” तिनं मुसळ पुन्हा उचललं. “रंग महाग झालाय वाटतं.”

त्या रात्री मास्तर नीट जेवले. पायोंगचा फोन आला तेव्हा हसलेसुद्धा. “मास्तर, आता तरी साठच्या वर या!” पायोंग ओरडला, आणि मागं टोळीनं शिट्ट्या मारल्या.

गुरुवारी सकाळी पिकअपमधून गाडी आली. दोघा गड्यांनी फळी लावून ती उतरवली आणि अंगणात आंब्याखाली उभी केली. हँडलला तीन रंगांच्या फिती बांधल्या होत्या. टाकीवर भंतेजींनी पांढऱ्या भुकटीचे ठिपके काढले होते. जुने स्टिकर कुणीतरी कष्टानं खरवडून काढले होते. त्या जागी एक स्वच्छ चौकोन होता, बाकी गाडीपेक्षा अधिक निळा.

गडी गेले. ओराथाई फोन वाजला म्हणून आत गेली. मास्तरांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग वर पाहिलं. आंब्याची एक फांदी बरोबर सीटवर आली होती. त्यांनी स्टँड काढला आणि घाम गाळत गाडी चार हात पुढं ढकलली.

दिव्यासमोर येऊन ते थांबले. मोठा गोल दिवा होता, त्यात त्यांचं तोंड उलटं आणि बारीक दिसत होतं. हे अंतर्गोल आरशामुळं, हे त्यांना माहीत होतं. नववीचा धडा. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. शेजाऱ्यांच्या ओसरीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढला, कुणाच्या कानाशी वाकावं तसे वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले,

“मी बुधवारचा.”

गाडी उभी होती. वाऱ्यानं फिती हलल्या.

“शपथेवर. बुधवार, सकाळचा.”

आणि आतून, इस्पितळात तीस वर्षं लांबच लांब वॉर्डांतून हाका मारून कमावलेल्या आवाजात, ओराथाई फोनवर ओरडली,

“नाही हो काका, रविवार! रविवारचेच ते! येतंय का ऐकू? र-वि-वार!”