भिंतीवरचं बोंड

अजहरने कॅमेऱ्याची लवचिक मान खाली वाकवली आणि नूरजहांच्या अंगठ्याचं नख समोरच्या भिंतीवर सुपाएवढं दिसू लागलं. बाकांवर बसलेले प्राध्यापक हसले. तिने हात पटकन मागे घेतला.

"हात नका काढू मॅडम," अजहर म्हणाला. "जे दाखवायचं ते खाली ठेवा आन बोलत राहा. भिंत आपोआप पाहून घेते."

मलकापूरहून आलेला हा तरुण आठवडाभर कॉलेजातल्या प्राध्यापकांना खडू-फळ्याच्या पलीकडे नेऊ पाहत होता. प्रोजेक्टर कसा जोडायचा, पाठ कसा रेकॉर्ड करायचा, तो विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर कसा पोचवायचा. आज शेवटचा दिवस होता. प्रत्येकाने एक छोटा पाठ घेऊन दाखवायचा होता, आणि ते पाहायला संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव स्वतः आले होते. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी ऑफिसातला सोफा आणून ठेवला होता.

नूरजहां वनस्पतिशास्त्र शिकवायची, तीही तासिका तत्त्वावर. पुढच्या वर्षी तास द्यायचे की नाही, हे दर उन्हाळ्यात अर्जुनराव ठरवायचे. म्हणून तिने सोपं, ओळखीचं जास्वंदीचं फूल आणलं होतं. त्याच्या पाकळ्या कशा सोडवायच्या, याचा सराव ती रोज करत होती.

तिने फूल कॅमेऱ्याखाली ठेवलं. भिंत लाल झाली.

"थांबा मॅडम," अर्जुनराव म्हणाले. "जास्वंद तर घरोघरी आहे. आपली पोरं कास्तकारांची. त्यांना कपाशीचं बोंड दाखवा ना. भाऊराव, मागच्या प्लॉटमधून चार बोंडं तोडून आणा. चांगली पाहून आणा."

शिपाई भाऊराव निघाला. कॉलेजमागच्या जमिनीवर अर्जुनरावांच्या दुकानातल्या बीटी बियाण्याची कपाशी उभी होती. तालुक्यात त्यांच्याएवढं बियाण्याचं दुकान दुसरं नव्हतं. गावोगावच्या शेतकऱ्यांना गाड्यांत बसवून हा प्लॉट दाखवायला आणलं जायचं.

"आणि अजहर, रेकॉर्डिंग चालू ठेवा," ते पुढे म्हणाले. "आमच्या दुकानाच्या ग्रुपवर टाकू. अळी, अळी म्हणून जी बोंब चालली आहे, ती एकदाची थांबेल."

नूरजहांने फूल उचलून बाजूला ठेवलं. ठेवताना बोटांना परागकण लागले. ते तिने ओढणीला पुसले.

देऊळघाटला तिच्या घरच्या वावरात हेच बियाणं होतं. पोळ्यानंतर फुलं मिटलेलीच राहू लागली, तेव्हा तिचे सासरे अब्दुल गनी दुकानात विचारायला गेले होते. बियाणं खरं आहे, फवारणीत तुमचंच चुकलं असेल, असं सांगून त्यांना आणखी जहाल औषध दिलं गेलं. ते फवारता फवारता सासरे वावराच्या कडेला, धुऱ्यावर कोसळले. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, अळी मेली का? तेव्हापासून त्यांच्या हाताचं कापरं गेलं नव्हतं. चहा पिताना त्यांना कप दोन्ही हातांनी धरावा लागे.

भाऊरावने बोंडं आणून टेबलावर ठेवली. हिरवीगार, टणक, टोकदार. कुठे भोक नाही, डाग नाही. घरच्या वावरातलीही अशीच होती. अळी बारीक असताना आत शिरते आणि तिच्यामागे भोक बुजून जातं. वरून काहीच कळत नाही.

विभागप्रमुख शेषराव सर तारा नीट करायच्या निमित्ताने टेबलाजवळ आले.

"मॅडम, फूलच बरं होतं," ते ओठ न हलवता म्हणाले. "कॅमेरा बिघडला म्हणा. कोणी काही बोलणार नाही."

आत काय निघेल, ते अजहरलाही कळलं असावं. त्याने लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे किंचित वळवला. त्यावर एका उघडलेल्या बोंडाचा फोटो होता, आत पांढरीशुभ्र, ओलसर रुई.

"हा लावू का?" तो कुजबुजला. "त्यायले फरक नाही समजत."

नूरजहांने ब्लेडचा कागद सोडवला.

"काय झालं?" सोफ्यावरून आवाज आला.

"काही नाही साहेब. करते सुरू."

तिने हाताला लागलं ते पहिलं बोंड घेतलं. भिंतीवर एक हिरवा डोंगर उभा राहिला. ब्लेड त्याच्या शिवणीवर टेकलं, आत गेलं. बोंडाचे कप्पे ती एकेक करून उघडत गेली. पहिला पांढरा होता. दुसराही पांढरा. मागून कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला. तिने तिसरा उघडला.

रुई तपकिरी, चिकट झाली होती. सरकी आतून पोखरलेली. आणि त्या पोखरलेल्या सरकीतून गुलाबी पट्ट्यांची एक अळी डोकं वर काढून उजेड चुकवत वळवळली. भिंतीवर ती माणसाच्या दंडाएवढी होती.



"एखादं निघतं तसं," प्राचार्य म्हणाले. "अपवाद..."

"दुसरं कापा," अर्जुनराव म्हणाले.

दुसऱ्यात दोन निघाल्या. तिसऱ्यात अळी नव्हती, पण तिने खाल्लेलं होतं. चौथ्या बोंडाला नूरजहांने हात घातला तेव्हा अर्जुनराव उठून टेबलापाशी आले. त्यांनी हात पुढे केला. तिने ब्लेड दिलं. ते त्यांना नीट धरता येईना, पण त्यांनी कापलं. रस त्यांच्या पांढऱ्या बाहीवर उडाला. भिंतीवर त्यांची जाड बोटं आली, सोन्याची अंगठी आली आणि अंगठीला टेकून वळवळणारी अळी आली.

ते बराच वेळ वाकून तिच्याकडे पाहत राहिले. भिंतीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"घरच्या वावरातबी हेच हाय माह्या," ते म्हणाले. सभेतली त्यांची भाषा कुठल्या कुठे गेली होती. "सारंच्या सारं."

 त्यांनी ब्लेड ठेवलं, रुमाल काढला, बोटं पुसली.

"अजहर. पुसून टाका ते."

अजहरचा हात माउसवर गेला आणि तिथेच थांबला. त्याने नूरजहांकडे पाहिलं. शेषराव सर खिडकीबाहेर पाहत होते.

"साहेब," नूरजहां म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "माझा पाठ अजून झाला नाही."

"झाला की. अजून काय दाखवता?"

"अळी कुठे असते तेवढंच झालं. आता काय करायचं, ते राहिलं. निव्वळ फवारून ती मरत नाही, ती आत असते. माणूस बाहेर असतो."

अर्जुनरावांनी मान वर केली. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती. पुढच्या उन्हाळ्याची यादी त्या क्षणी नूरजहांच्या डोळ्यांपुढून गेली, तिच्या नावाशिवाय. तिने टेबलाची कड घट्ट धरली, पण ती मागे सरकली नाही.

"तुम्ही देऊळघाटच्या ना?" त्यांनी विचारलं.

"हो. अब्दुल गनी माझे सासरे."

ते नाव त्यांना आठवलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. ते वळले. प्राचार्यांनी सोफ्यावरची उशी सारखी केली, पण अर्जुनराव सोफ्यापाशी थांबले नाहीत. बाकांच्या मधून चालत ते दाराकडे गेले. दार उघडण्याचा आवाज कधी येतो, याची सगळे वाट पाहत राहिले.

तो आला नाही. शेवटच्या बाकावर, खिडकीशेजारी, ते विद्यार्थ्यासारखे अंग चोरून बसले होते. रुमालाची घडी ते उगाच उलटसुलट करत होते.

नूरजहांने कापलेली बोंडं कॅमेऱ्याखाली ओळीने लावली. अळी शिरल्यामुळे न उमललेल्या फुलाला डोमकळी म्हणतात आणि ती दिसली की लगेच तोडून जाळायची, असं ती सांगू लागली. गळलेली बोंडं वावरात पडू द्यायची नाहीत. सापळे लावायचे. हिवाळ्यानंतर तीच कपाशी उभी ठेवून दुसरं पीक, फरदड घ्यायची नाही.

"अजहर," मागून आवाज आला. "आवाजबी येऊन राह्यला का त्याच्यात?"

अजहरने पडद्याकडे पाहिलं. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकत होता.

"हाव साहेब. येते."

अर्जुनरावांनी रुमाल खिशात ठेवला.

"मॅडम," अर्जुनराव म्हणाले, "जरा जोरानं बोला."